पाइपला हलायला जागा हवी

मागच्या हिवाळ्यात आई पहिल्यांदाच आमच्याकडे इंग्लंडला आली होती. एका पहाटे तिने मला उठवलं. "अगं, खाली कुणीतरी टकटक करतंय." चोर नव्हता आणि उंदीरही नव्हता, घराचं हीटिंग सुरू झालं होतं. लाकडी फळ्यांखालच्या तांब्याच्या नळ्यांत गरम पाणी आलं की त्या लांबतात आणि लाकडाला घासत सरकतात, त्याचाच तो आवाज. दहा मीटरची तांब्याची नळी ५० अंशांनी तापली तर साधारण साडेआठ मिलिमीटर लांब होते.

"मग घट्ट आवळून टाका ना एकदाच," आई म्हणाली.

सल्ला कुणालाही पटेल असाच आहे, पण तो चुकीचा आहे. का चुकीचा, ते सांगणाऱ्या शास्त्राला कारखान्यांत पाइपिंग स्ट्रेस ॲनालिसिस म्हणतात. आखातातल्या आपल्या कित्येक वाचकांचं हे रोजचं काम आहे. मी धातूंच्या थकव्यावर संशोधन करते, त्यामुळे या विषयाची मी शेजारीण. काही चुकलं तर हक्काने सांगा.

घट्ट धरलं तर?

आठ इंची पोलादी पाइप घेऊ, लांबी १०० मीटर. बसवताना तापमान ३० अंश, आत वाफ सोडल्यावर १८०. पोलाद दर अंशाला, दर मीटरला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे हा पाइप तब्बल १८ सेंटिमीटर लांबणार.

आता त्याची दोन्ही टोकं अजिबात हलू न देता जखडली, तर धातूत सुमारे ३६० मेगापास्कलचा ताण येतो. कारखान्यांत वापरलं जाणारं साधं कार्बन पोलाद २४०च्या आसपासच कायमचं वाकायला लागतं. टोकांवर येणारा जोर या हिशेबाने जवळपास २०० टन होतो. प्रत्यक्षात तिथवर पोचण्याआधीच पाइप बाजूला फुगतो, आधार उखडतो किंवा टोकाला जोडलेल्या पंपाचं तोंड वाकडं होतं.

"जाड पाइप घाला" हा उपाय इथे उलटा पडतो. हा ताण जाडीवर अवलंबून नसतो आणि लांबीवरही नसतो. जाडी वाढवली की ताण तेवढाच राहतो, पण आधारावरचा जोर मात्र वाढतो.

म्हणून पाइपला वळसा देतात. रिफायनरीच्या रस्त्यावरून जाताना सरळ चाललेले पाइप मध्येच चौकोनी वळण घेऊन पुन्हा रांगेला लागलेले दिसतात, ते लूप याचसाठी असतात. पाइप लांबला की लूपच्या आडव्या बाजू थोड्या वाकतात आणि वाढ पोटात घेतात. तेवढीच वाढ पेलायची असेल आणि बाजूची लांबी दुप्पट केली, तर ताण साधारण एक चतुर्थांश आणि जोर एक अष्टमांश होतो.

दोन प्रकारचे ताण

पाइपचं वजन आणि आतला दाब हे कायमचे मालक. धातू थोडा ढळला म्हणून ते माघार घेत नाहीत. उष्णतेचा ताण वेगळा असतो. धातूने जरासं अंग दिलं की तो सैलावतो. पण प्लांट सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला की तोच ताण फिरून येतो. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पुनःपुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. म्हणून एएसएमईच्या नियमांत दोन्ही ताणांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. उष्णतेच्या ताणासाठी ७००० आवर्तनांचा टप्पा वर्षानुवर्षं पायाभूत धरला गेला. रोज एकदा गरम-थंड धरलं, तर ही जवळपास १९ वर्षं झाली.

खरी कसरत इथेच आहे. वजन म्हणतं, मला जागोजागी आधार द्या. उष्णता म्हणते, मला मोकळं सोडा. कुठे पक्कं धरायचं, कुठे फक्त सरकू द्यायचं आणि कुठे स्प्रिंगवर टांगायचं, हे ठरवणं म्हणजेच हे डिझाइन.

फ्लिक्सबरो, १ जून १९७४

लूपला जागा नसेल तर बेलोज वापरतात. बेलोज म्हणजे पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा धातूचा तुकडा. तो सहज दबतो आणि ताणला जातो. पण हाच त्याचा धोकाही आहे. आतला दाब भाता उघडू पाहतो, आणि साध्या पाइपच्या भिंतीप्रमाणे तो जोर भाता पेलत नाही. तो पेलायला बाहेरून पक्के आधार किंवा जोडदांड्या लागतात.

इंग्लंडमधल्या लिंकनशरमध्ये, फ्लिक्सबरोच्या नायप्रो कारखान्यात सहा अणुभट्ट्या नव्हे, रासायनिक रिॲक्टर एका रांगेत होते. त्यांतून सायक्लोहेक्झेन सुमारे १५५ अंश तापमानाला आणि ८.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाखाली वाहत असे. मार्च १९७४ मध्ये पाचव्या रिॲक्टरला तडा सापडला. तो काढून चौथा आणि सहावा २० इंची पाइपने जोडायचं ठरलं. दोन्हींची तोंडं वेगवेगळ्या उंचीवर होती, म्हणून पाइप मध्ये तिरपा झाला. त्याच्या दोन्ही टोकांना २८ इंची बेलोज होते. कारखान्यातल्या मेकॅनिकल इंजिनिअरची जागा त्या वेळी रिकामी होती. पाइपचा आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढला गेला.

साधा गुणाकार करून पाहू. २८ इंच व्यासाचं क्षेत्रफळ सुमारे ४००० चौरस सेंटिमीटर. त्याला ८.८ ने गुणलं की प्रत्येक टोकावर ३५ टनांचा जोर. तोंडं वरखाली असल्यामुळे हे दोन जोर एका रेषेत नव्हते, म्हणून ते पाइपला पिळून फिरवू पाहत होते. खालचा मचाण फक्त वजन पेलायला होता. प्रवाह पुरेसा जाईल का आणि सरळ पाइप दाब सोसेल का, हे तपासलं गेलं होतं. फिरवणारा जोर मात्र कुणीच मोजला नाही. बेलोज बनवणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत असे दोन बेलोज पुरेशा आधाराशिवाय वापरू नयेत असं स्पष्ट लिहिलं होतं. ती कुणी उघडली नाही.

तरी पाइप दोन महिने टिकला. मग १ जूनला संध्याकाळी ४ वाजून ५३ मिनिटांनी बाहेर पडलेल्या सायक्लोहेक्झेनच्या ढगाचा स्फोट झाला. २८ माणसं गेली, त्यांतली १८ एकट्या नियंत्रण कक्षात. शनिवार होता म्हणून आवारात माणसं कमी होती. पुढे काही तज्ज्ञांनी स्फोटाची सुरुवात दुसऱ्या एका पाइपपासून झाली असावी असं मांडलं, पण अधिकृत चौकशीने या जोडपाइपवरच बोट ठेवलं. सुरुवात कुठूनही झालेली असो, तो पाइप तिथे तशा अवस्थेत असायला नको होता, हे कुणी नाकारलं नाही.

आज स्ट्रेस ॲनालिसिसची सॉफ्टवेअर काही मिनिटांत शेकडो आकडे देतात. पण प्रश्न आपणच विचारावा लागतो. हा पाइप तापल्यावर कुठे जाईल? त्याला ढकलणारा जोर कोण पेलणार? "तात्पुरतंच आहे, बसवून टाका" असं कुणी म्हणेल तेव्हा तर हे दोन प्रश्न आधी विचारा, आणि उत्तर कागदावर मागा.

आमच्या घरातली टकटक अजून चालू आहे. आईला कारण सांगितलं, तशी ती म्हणाली, "वाजू दे मग, हलतायत म्हणजे बरं आहे."