गव्हाच्या पैशातली पुस्तकं

रस्त्याच्या कडेला माजणारं गाजरगवत पीएल-480च्या गव्हातून आलं, असं आपल्याकडे आजही ठामपणे सांगितलं जातं. त्याचं खरंखोटं वनस्पतिशास्त्रज्ञ बघून घेतील. त्याच गव्हाच्या पैशातून हजारो भारतीय पुस्तकं, त्यात मराठीही, अमेरिकेला गेली. हे मात्र कागदोपत्री नोंदलेलं असूनही फारसं कुणाला ठाऊक नाही.

पीएल-480 हा अमेरिकेचा 1954चा कायदा. त्याखाली आलेल्या धान्याची किंमत भारतानं रुपयांत चुकवायची होती. ते रुपये डॉलर करून नेता येत नसत, इथेच खर्चावे लागत. रेशनच्या रांगा लांबत गेल्या तसा अमेरिकेच्या खात्यातला रुपयांचा ढीगही वाढत गेला. 1974मध्ये राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी भारत सरकारला परत दिलेला धनादेश 1,664 कोटी रुपयांचा होता, यावरून त्या ढिगाचा अंदाज यावा. यातला चिमूटभर वाटा पुस्तकांसाठी वापरण्याची मुभा 1958मध्ये जॉन डिंगेल या अमेरिकी लोकप्रतिनिधीनं कायद्यात दुरुस्ती करून मिळवली आणि 1962मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं दिल्लीत आपलं खरेदी कार्यालय उघडलं.

या कार्यालयाची पद्धत साधी होती. पुस्तक निवडायचं एकदाच, पण प्रती घ्यायच्या अनेक. एक प्रत वॉशिंग्टनला, बाकीच्या शिकागो, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, बर्कले अशा विद्यापीठांच्या ग्रंथालयांना. कादंबऱ्या, कवितासंग्रह, नियतकालिकं, सरकारी अहवाल, सगळंच. यातली खरी किमया खरेदीत नव्हती, नोंदीत होती. विस्कॉन्सिनमधल्या ग्रंथपालाला मराठी येत नसेल तर तो त्या पुस्तकाची तालिका करणार कशी? ते काम दिल्लीत, भाषा जाणणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांनी सुरू करून दिलं. महिन्याच्या महिन्याला आलेल्या पुस्तकांची छापील यादी निघू लागली. एकानं केलेली नोंद सगळ्यांनी वापरायची. ग्रंथालयांच्या सहकार्यावर कितीही परिषदा भरवा, शेवटी सगळं या एका गोष्टीवर येऊन ठेपतं.

तक्रारीही झाल्या. खोकी आदळू लागली तेव्हा काही ग्रंथालयांत ती उघडायलाही माणसं पुरत नव्हती. न मागितलेलं बरंच काही येई. आपल्याकडून निघणारा सूर वेगळा, आणि तो मला आजही रास्त वाटतो: मराठी समाजावर संशोधन करायला मराठी माणसानं शिकागोला का जावं? पण या प्रश्नाचा रोख अमेरिकेकडे वळवून आपण सुटका करून घेतो. 1954मध्येच आपल्याकडेही एक कायदा झाला होता. प्रकाशकानं प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती स्वखर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या. किती प्रकाशक तो नेमानं पाळतात, हे त्यांनाच विचारा. तिकडे पुस्तक विकत घेतलं जात होतं, इकडे फुकट मागितलं जात होतं; फरक पडणारच.

रुपयांचा निधी ऐंशीच्या दशकात आटला. योजना मात्र बंद पडली नाही. सामील ग्रंथालयांनी आपापल्या खिशातून डॉलर भरायला सुरुवात केली आणि दिल्लीचं कार्यालय आजही त्यांच्यासाठी पुस्तकं घेतं. फुकटची सवय लागलेल्या संस्था सहसा असं करत नाहीत.

त्या काळची आपली पुस्तकं छापली जात त्या कागदाची जात सगळ्यांना माहीत आहे. पान उलटताना कोपरा हातात येतो. त्यावरही इलाज सामायिकच निघाला. शिकागोत दहा विद्यापीठांनी 1949मध्ये मिळून काढलेलं एक केंद्र होतं: क्वचित लागणारं साहित्य प्रत्येकानं न घेता एका ठिकाणी ठेवायचं आणि मागेल त्याला पाठवायचं. तिथे 1967पासून दक्षिण आशियाच्या दुर्मीळ साहित्याचे मायक्रोफिल्म सामायिक खर्चानं जमवले जाऊ लागले. शिकागो विद्यापीठानं पुढे कोशांचं काम हाती घेतलं. मोल्सवर्थचा कोश किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आज पुण्यातला अनुवादक फोनवर उघडतो, तो त्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर.

1967 हे साल आपल्यासाठीही महत्त्वाचं आहे. त्या वर्षी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला. राज्य, विभाग, जिल्हा अशी उतरंड झाली, गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळू लागलं आणि अशी मान्यताप्राप्त ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात गेली. भारतात एवढं जाळं मोजक्याच राज्यांत असेल. पण उदगीरच्या वाचकाला हवं असलेलं पुस्तक ठाण्याच्या कपाटात आहे, हे त्याला कळण्याची सोय या जाळ्यात नाही. कळलं तरी ते मागवण्याचा धोपटमार्ग नाही. दिल्लीचं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं 1988पासून देवघेवीचं काम करतं, पण त्याचा फायदा मुख्यतः महाविद्यालयांना. अनुदानाचा दर्जा ठरवताना आपण ग्रंथसंख्या मोजतो, सभासद मोजतो. दुसऱ्या ग्रंथालयाला किती पुस्तकं दिली, हा रकाना असला तर बरंच काही हलेल.

एवढ्या ग्रंथालयांची एकत्र सूची करायला दिल्लीएवढं कार्यालयही लागणार नाही. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयानं आणि शंभरी ओलांडलेल्या दहा-वीस संस्थांनी आपल्या याद्या एका जागी आणल्या तरी सुरुवात होईल. तोवर अमेरिकेतल्या मराठी वाचकांना एक सांगणं: जुनं मराठी पुस्तक हवं असेल तर गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन आंतरग्रंथालयीन देवघेवीची चौकशी करा. बहुधा एखाद्या विद्यापीठातून ते तुमच्यासाठी मागवता येईल.