शारदा नदीकडे का वळली?

आपल्या कर्जत-खालापूर भागात नाटकाची आवड जुनी आहे. भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला की गावोगावी तालमी सुरू होत. आजीच्या पिढीला नाटकातली पदे तोंडपाठ असत आणि त्यांत 'संगीत शारदा' पहिले. पदे सगळ्यांना आठवतात, त्यातली मुलगी मात्र फारशी कोणाला आठवत नाही. कडावच्या एखाद्या घरात मोठ्यांना विचारून पाहा. 'म्हाताऱ्याशी लग्न ठरलेली पोर' एवढेच उत्तर येईल. ती पोर शेवटी जीव द्यायला निघाली होती, हे थोड्यांच्याच ध्यानात असते.

गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांचे हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ च्या जानेवारीत इंदूरला प्रथम रंगभूमीवर आणले. त्याआधीची संगीत नाटके बहुतेक देवदेवतांची, राजाराण्यांची. देवलांनी आपल्यासारख्या घरातली एक मुलगी उभी केली. बाप कांचनभट पैशाचा लोभी. पाऊणशे वर्षांचा श्रीमंत भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढायला निघालेला. मध्ये दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित. आज हुंडा देऊन मुलगी उजवतात. तेव्हा कित्येक घरी मुलीचे पैसे घेऊन तिला देत. पैसा कोणीकडून कोणीकडे जातो एवढाच फरक. पोरीला विचारायचे नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

सुरुवातीची शारदा अगदी पोरसवदा आहे. मैत्रिणी लग्नावरून चेष्टा करतात, ती लाजते, चिडते. आपल्याला कसा नवरा मिळेल याची तिला उत्सुकता आहे आणि वडील जे करतील ते बऱ्यासाठीच, असा भरवसाही आहे. नवरदेव कोण ते कळल्यावर हा भरवसा तुटतो. पहिल्यांदा ती घाबरते. मग आईजवळ रडते. आई इंदिराकाकू मनाने तिच्या बाजूची, पण नवऱ्यापुढे तिचे काही चालत नाही. असे घर वाचकांपैकी कित्येकांच्या ओळखीचे असेल.

यानंतर शारदेच्या तोंडी एक पद आहे. अशा लग्नापेक्षा मला मारून टाका, विष द्या, असा त्याचा भाव. नाटक पाहणारे या पदाला टाळ्या देत, गाणाऱ्या नटाकडून ते पुन्हा म्हणवून घेत. माझ्या मते सारे नाटक इथे फिरते. पोरीने आपल्या मनातले उघड सांगितले आहे आणि ऐकणारे ते रागाचे, रडण्याचे बोलणे समजतात. घर पुढच्या तयारीला लागते. ती नदीकडे निघते ते फार पुढे, पण तिकडे तिचे पाऊल वळले ते या दिवशी.

लग्न मोडते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. कोदंड नावाचा सुधारक विचारांचा तरुण धडपड करतो आणि वधूवर एकाच गोत्राचे आहेत हे उघड होते. मांडवात गडबड उडते, लग्न थांबते. नवरा पाऊणशे वर्षांचा आहे, याने मांडवातले कोणी थांबले नाही. गोत्र वेगळे निघाले असते तर अक्षता पडून जेवणाच्या पंगती उठल्या असत्या. देवलांनी हे मुद्दाम केले की कथेची सोय म्हणून, ते देव जाणे. पण वाचताना ते बोचते.

मांडव मोडल्यावर लोकांना वाटते, पोर सुटली. खरे तर तिची खरी कोंडी इथून पुढे. अर्धवट लग्न लागलेल्या मुलीला कोण पत्करणार? घरात राहावे तर बापाला ओझे, बाहेर पडावे तर लोकांचे बोलणे. संकट टळले म्हणून घरचे निर्धास्त होतात, तेव्हा ती एकटी नदीची वाट धरते. कोदंड तिला गाठतो आणि थांबवतो. पुढे धर्माचार्यांच्या संमतीने दोघांचे लग्न होऊन नाटक गोड होते.

हा गोड शेवट मला थोडा घाईचा वाटतो. तिला वाचवले ते चांगलेच, पण वाचवणाऱ्याशीच लग्न लावले म्हणजे तिचा सगळा प्रश्न मिटला असे कसे म्हणावे? तरीही शारदा मला आवडते. पहिल्या अंकात वडिलांच्या मुठीत असलेली मुलगी पुढे 'मला हे नको' असे सगळ्यांदेखत म्हणते. १८९९ साली हे लहान काम नव्हते. तिची वाढ मला या बोलण्यात दिसते. नदीकडे जाण्यात ती नाही. तिथे तर तिचे बोलणे संपलेले असते.

गंमत अशी, की १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, तो अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावाने. आपल्याकडे मात्र 'शारदा कायदा' हेच नाव तोंडी बसले आणि कित्येकांना तो नाटकातल्या शारदेवरूनच आला असे वाटते. त्या कायद्यात मुलीचे वय फक्त १४ होते. १९७८ साली ते १८ झाले. देवल १९१६ सालीच वारले; यातले काहीच त्यांनी पाहिले नाही. कायदा असूनही, उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या घरात मुलगी वयात आली की लग्न लावून मोकळे व्हावे, असे आईबापांना अजून वाटते. त्यांचीही अडचण खरी असते, पोरीला कुठे ठेवून जायचे?

आजची शारदा कधी बारावीत नापास झालेली असते, कधी मोबाईलवरच्या एखाद्या फोटोने भेदरलेली असते. कधी तो शारद असतो, बापाच्या कर्जाची वही गुपचूप वाचणारा. 'मी नसतो तर बरे झाले असते' असे घरातले कोणी बोलले तर त्याला दटावू नये, हसण्यावारीही नेऊ नये. शेजारी बसून सरळ विचारावे, 'जीव द्यायचे मनात येते का?' असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये, घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि सरकारी दवाखाना गाठावा. १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा फोन नंबर रात्रंदिवस फुकट चालतो, मराठीतही बोलता येते. पोलीस केसच्या भीतीने कित्येक घरे गप्प बसत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे ठरवले आहे, शिक्षेसाठी त्याच्यामागे लागायचे नाही.

कोणत्या गावात पोरे पुन्हा 'शारदा' बसवणार असतील, तर एक सुचवावेसे वाटते. लोक म्हाताऱ्याला हसतात म्हणून तेवढेच प्रवेश ठेवतात आणि नदीकाठचा प्रवेश वेळेअभावी कापतात. तो कापू नये. इंदिराकाकूचे काम मात्र एखाद्या जाणत्या बाईला द्यावे. तिला बोलायला फारसे नाही, पण लेक रडत असताना ती काय करते, तिकडेच बायांचे लक्ष असेल.