ऊन भरपूर, पण बाळाला ‘डी’ मिळतंय का?

रविवारची सकाळ. बाणेरमधला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. मैत्रिणीचं पिल्लू जेमतेम दीड महिन्याचं. मालिश झाली, आंघोळ झाली, आता बंद काचेमागे आजीच्या मांडीवर ‘सनबाथ’ चालू आहे. तेवढ्यात मैत्रीण ड्रॉपर घेऊन येते आणि आजी सासूबाईंच्या भूमिकेत शिरतात. “अगं, रोज कोवळं ऊन देते की मी त्याला. एवढ्याशा जिवाला औषधं कसली पाजता?”

मैत्रीण माझ्याकडे बघते. मी चहाच्या कपाकडे. कारण खरं सांगायचं तर मलाही आजींचंच म्हणणं पटत होतं. मग जरा वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि भ्रमाचा भोपळा फुटला.

आपली त्वचा ‘डी’ बनवते ती उन्हातल्या यूव्हीबी किरणांच्या मदतीनं. हे किरण खिडकीची काच जवळजवळ पूर्ण अडवते. आणि कोवळं ऊन? सूर्य खाली असतो तेव्हा यूव्हीबी वातावरणातच अडतात. साधी खूण म्हणजे, तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल, तर त्या उन्हातून ‘डी’ फारसं मिळत नाही. ते मिळतं साधारण अकरा ते तीनच्या उन्हात. पण तेवढ्या कडक उन्हात तान्ह्या बाळाला कोण नेणार? नेऊही नये.

मग आईचं दूध? बाळासाठी त्याला तोड नाही, पण त्यात ‘डी’ अगदीच थोडं असतं. शिवाय बाळ जन्माला येताना जो साठा आणतं, तो आईकडूनच. आणि आई आपल्यातलीच! लिफ्ट, बेसमेंट पार्किंग, एसी ऑफिस, पुन्हा पार्किंग. तिलाच ऊन दिसतं ते लाँग वीकेंडला.

म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, पहिलं वर्षभर बाळाला रोज 400 युनिट ‘डी’ द्यायला सांगते. म्हणजे फक्त 10 मायक्रोग्रॅम! बाळ डब्याच्या दुधावर असेल, तर त्यात ‘डी’ आधीच घातलेलं असतं. ते किती पितं हे डॉक्टरांना सांगा आणि डोस त्यांनाच ठरवू द्या. बाळ दिवसाआधी जन्मलं असेल तरीही तसंच.

एवढा आटापिटा कशासाठी? ‘डी’ कमी पडलं की कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हाडं मऊ राहतात. मनगटं रुंद होतात, दात उशिरा येतात, चालायला लागल्यावर पाय धनुष्यासारखे वाकतात. हाच तो मुडदूस. कधी कधी तर कॅल्शियम इतकं घटतं की तान्ह्या बाळाला थेट झटकेच येतात.

पण थांबा, ‘जास्त दिलं तर जास्त चांगलं’ हा फंडा इथे चालत नाही. जादा ‘डी’ शरीरात साठतं. भूक मंदावते, उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतं, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ड्रॉपर चुकीचा वापरल्यामुळे होणाऱ्या ओव्हरडोसबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं 2010 मध्ये पालकांना सावध केलं होतं. कुठल्या बाटलीत 400 युनिट एका मिलिलिटरमध्ये असतात, तर कुठल्या बाटलीत एका थेंबात! त्यामुळे ब्रँड बदलला की लेबल पुन्हा वाचा आणि त्याच बाटलीबरोबर आलेला ड्रॉपर वापरा. आणि हो, तुमच्या ड्रॉवरमधलं आठवड्याला घ्यायचं 60,000 युनिटचं पाकीट बाळापासून लांब ठेवा. हिशोब केलात तर तो बाळाचा 150 दिवसांचा डोस आहे.

आणखी एक गोची म्हणजे डबल डोस. सकाळी आजीनं दिला, रात्री बाबानंही दिला. विचारायचं राहूनच गेलं.

मैत्रिणीनं यावर मस्त तोडगा काढला. बाटली आजींच्याच ताब्यात दिली. डोस त्याच देणार आणि कालनिर्णयवर टिकही त्याच करणार. कोवळ्या उन्हातली फेरीही चालू आहे, काचेमागे नाही, खाली बागेत. मैत्रीण आता ऑफिसला जाते. रोज दहाच्या मीटिंगआधी तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आजींचा मेसेज येतो, “पाजलं गं. तू जेवलीस का?”