पहिली छाप : ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग

स्टीव्ह मार्टिन आणि जॉन हॉफमन यांची ही मालिका ३१ ऑगस्ट २०२१ रोजी ‘हुलू’वर आली. न्यूयॉर्कच्या ‘आर्कोनिया’ इमारतीत टिम कोनो नावाचा रहिवासी मरतो. पोलीस आत्महत्या म्हणून मोकळे होतात आणि गुन्हेकथांच्या पॉडकास्टचे वेड असलेले तीन शेजारी तपासाला लागतात. त्यांपैकी दोघे, स्टीव्ह मार्टिन व मार्टिन शॉर्ट, यांची जुगलबंदी जुन्या दोस्तीतली. तिसरी शेजारीण सेलेना गोमेझचा कोरडा सूर या जोडीला नेमका तोलतो. पहिल्या पर्वाच्या दहा भागांतला सातवा तर चुकवूच नये : जवळजवळ संवादच नाहीत, इमारतीतला कर्णबधिर थिओ समोरच्याचे ओठ वाचतो तेवढेच आपल्याला कळते. ती भूमिका करणारा जेम्स केव्हरली स्वतः कर्णबधिर आहे. हसवताना खुनाचा धागा कुठेही सुटलेला नाही.