नाव 'ब्यूटी', पण रूप साधे!
सुंदर मुलगी आणि कुरूप श्वापद यांची परीकथा फ्रान्समध्ये मादाम द विलनव्ह यांनी १७४० साली लिहिली. तीच कथा अमेरिकन लेखिका रॉबिन मॅकिन्ले यांनी १९७८ साली 'ब्यूटी' या किशोर-कादंबरीत नव्याने सांगितली. इथली नायिका स्वतःला कुरूप समजते. 'ब्यूटी' हे तिचे लहानपणचे लाडाचे नाव. मोठेपणी तेच तिला टोचते. पण ती ग्रीक-लॅटिन शिकते, घोडा सांभाळते आणि वडिलांचा जीव वाचावा म्हणून श्वापदाच्या वाड्यात स्वतःहून जाते. शेवटी आरशात ती सुंदर दिसते. वाचकाला मात्र ती त्याआधीच आवडलेली असते! माता-भगिनींनो, घरातल्या सावळ्या लेकीला रंगावरून हिणवू नका. तिच्या हाती पुस्तक द्या.