पिवळी पुस्तके आणि काळा पहाड

रहस्यकथा म्हटली की आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचे नाक हटकून मुरडते. माझेही मुरडत असे. आमचे आबाजी मात्र अकोल्याच्या घरी ओसरीवर बसून बाबूराव अर्नाळकरच वाचायचे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा लेखक (१९०६–१९९६). त्यांचे झुंजार आणि काळा पहाड कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांची खोड मोडीत. शेवटी गुन्हेगार निसटला, असे व्हायचेच नाही.

“आबाजी, शेवट ठाऊक असून काय वाचता?”

“पुस्तकात तरी सापडू दे ना पोट्ट्या!”

त्या ‘तरी’चा अर्थ मला फार उशिरा, अमरावतीस शिकवू लागल्यावर उमगला, आणि तोही एका इटालियन कादंबरीने.

इटलीत रहस्यकथेला ‘जाल्लो’, म्हणजे ‘पिवळी’ म्हणतात. (आपल्याकडे पिवळ्या पुस्तकांचा जो अर्थ होतो, तो इथे नव्हे!) १९२९ साली मोंदादोरी प्रकाशनाने पिवळ्या मुखपृष्ठांची मालिका काढली आणि रंगाचेच नाव प्रकाराला पडले. मुसोलिनीच्या राजवटीला ही पुस्तके खुपू लागली. शिस्तीच्या राष्ट्रात खून होतातच कसे? १९४१ मध्ये मालिका बंद पडली. युद्धानंतर पुन्हा निघाली.

पुढे लेओनार्दो शाशा या सिसिलीतल्या शाळामास्तराने १९६१ साली याच साच्यात माफियावर कादंबरी लिहिली. पहाटे चौकात, बस पकडणाऱ्या माणसाला गोळी घालतात. बसमधले उतारू एकेक करून पसार होतात. कोणी काही पाहिलेलेच नसते! कप्तान बेल्लोदी चिकाटीने थेट सूत्रधारापर्यंत पोचतो. पण वर वजन असलेली माणसे खोटा पुरावा उभा करतात आणि सारा खटला ढासळतो. गुन्हेगार वाचकाला ठाऊक, गावाला ठाऊक; फक्त कायद्याला नाही.

ती बस वाचताना मला आमचे गाव आठवले. एका हंगामात एका अडत्याने आबाजींचा सगळा कापूस उचलला आणि पैसे दिलेच नाहीत. गाडी भरताना निम्मे गाव हजर होते. साक्षीला एकही आला नाही. आबाजी हे कधी बोलले नाहीत, आजीने सांगितले.

शाशा थोर लेखक, यात वाद नाही. ती कादंबरी आबाजींना वाचून दाखवायची राहिली. पण मला वाटते, बस निघून गेली की त्यांनी मला थांबवले असते आणि उशाखालचा काळा पहाड काढला असता.