ढग दिसले म्हणजे पाऊस आला का?



जून उजाडला की इथे आखातात आपल्या अंगाची काहिली होत असते आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ढगांची चित्रं यायला लागतात. अरबी समुद्रावर पांढराशुभ्र भोवरा आणि खाली एकच ओळ, ‘बघा, आपल्याकडे येतंय!’ गावी आईबाबा दोघंच असले की पोटात गोळा येतो. म्हणून आज पाहू, हे चित्र वाचायचं कसं.

आपल्या भागाची ही चित्रं बहुधा इन्सॅट-३डीआर किंवा इन्सॅट-३डीएस या भारतीय उपग्रहांची असतात. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून एका जागी थांबल्यासारखे वाटतात. कोकण आणि आखात, दोन्ही त्यांना एकाच नजरेत दिसतं.

पण रात्रीच्या अंधारात ढग कसे दिसतात? उष्णतेवरून. समुद्र, जमीन, ढग, सगळ्यांतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडतात. उपग्रह ते मोजतो. समुद्र उबदार, म्हणून चित्रात काळसर. उंच ढगाचा माथा अतिशय थंड, म्हणून पांढरा. म्हणजे या चित्रात पाऊस दिसत नाही, दिसतं ते ढगाच्या माथ्याचं तापमान!

आपली फसगत होते ती इथेच. खूप उंचावरचा विरळ ढगही पांढरा दिसतो, पण त्यातून थेंबही पडत नाही. उलट सह्याद्रीला अडलेले बुटके ढग नुसते करडे दिसतात आणि धो धो कोसळतात. जवळपासचा पाऊस पाहायला डॉप्लर रडार जास्त उपयोगी.

मग उपग्रह कशाला? तर भर समुद्रासाठी, जिथे किनाऱ्यावरचं रडार पोचत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरजवळ धडकलं. वारे ताशी ११० ते १२० किलोमीटर. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. पण ते समुद्रात तयार होत होतं तेव्हापासून उपग्रहांची त्यावर नजर होती, म्हणून किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवता आलं.

तेव्हा पुढच्या वेळी चित्र आलं की आधी त्यावरची तारीख-वेळ बघा. जुनी चित्रंही फिरत असतात. वेळेपुढे ‘यूटीसी’ लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवा, म्हणजे भारतातली वेळ कळेल. मग भारतीय हवामान विभागाचा आपल्या जिल्ह्याचा इशारा बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

आणि मग घरी फोन लावा. घाबरवायला नव्हे, तर नेमकं काय करायचं ते सांगायला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!